कोणाच्याही दबावाशिवाय

नोंदणी कचेरीसमोर पत्र्याच्या खोक्यात
चौदा वर्षं दस्त टाइप करते मी.
लिहून देणार, लिहून घेणार,
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा,
दक्षिणेस कुणाचे तरी चुलते.
गट नंबर बदलतात, वाक्यं तीच.
उजव्या मनगटाला सगळी पाठ झाली
आणि ते रात्री ठणकून म्हणून दाखवायला लागलं.
डॉक्टर म्हणाले, टायपिंग कमी करा.
जशी काय मी हौसेनं पेटी वाजवते.

भाचा श्रेणिक डिप्लोमाला.
त्यानं टपाल तिकिटाएवढा बोर्ड आणला,
लक्ष्मीपुरीतून दहा रुपयांचं बटण,
आणि कटवड्याच्या कागदावर दोन तारा काढून दाखवल्या.
कॉम्प्युटरला सांगायचं, मी कीबोर्ड आहे.
तो पुरावा मागत नाही.
एकदा दाबलं की एक मजकूर,
लागोपाठ दोनदा दाबलं की दुसरा,
दाबून धरलं की तिसरा.

पहिल्या रात्री नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ.
दुसऱ्या रात्री मी हात लावायच्या आधीच
ते आपलं आपण लिहीत सुटलं.
मोकळी सोडलेली पिन, श्रेणिक म्हणाला,
हवेतलं काहीबाही ऐकते,
तिला आतून ओढून धरावं लागतं.
तिसऱ्या रात्री मी एकदा दाबलं
आणि लिहून देणार सात वेळा उमटला.
"मावशी, आतली पत्री थरथरते.
तुला वाटतं एकदाच दाबलं, तिचं सातदा होतं.
वीस मिलिसेकंद थांब.
थरथर निवली की परत विचार,
अजून दाबलेलं आहे का?
मगच खरं धर."
मी तसंच लिहिलं. थांब. परत विचार.
सरकारी कागदात अशी ओळ मी कधी टाइप केली नव्हती.

टोपी उद्यमनगरात शौकतमामा शिकलगारांनी करून दिली,
पंपाच्या भंगारातलं पितळ, लेथवर फिरवून.
"किती कामं करतंय ह्ये?"
"तीन."
"आन् तू?"
पैसे घेतले नाहीत. बोटाला कीस लागला होता,
तो पँटीला पुसत म्हणाले,
"कड मारल्या बघ, बोट कापायचं न्हाई."

दोन महिने माझं मनगट गप्प झोपलं.
टक, नावं. टकटक, चतुःसीमा.
दाबून धरलं की शेवटचा परिच्छेद,
सदरचे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने,
कोणाच्याही दबावाशिवाय
लिहून दिले आहे, ते मला मान्य.
बाहेरचे लोक बघायला यायचे.
"नाद खुळा, ताई," म्हणायचे.

मग वडणग्याच्या हौसाबाई आल्या.
दोन्ही भाऊ, एक भावजय, आणि चहा भावांचा.
मी पितळेवर बोट ठेवलं, धरलं,
आणि स्क्रीनवर अक्षरं धावत गेली,
कोणाच्याही दबावाशिवाय,
माझ्या बोटाखाली.

आत साहेबांपुढे त्यांचा अंगठा.
पहिल्यांदा नीट उठला नाही, हात हलला.
धाकट्या भावानं मनगट धरलं वरून.
"दाब की, आक्का."
दुसऱ्यांदा नीट उठला.
मधे वीस मिलिसेकंदांहून जास्तच गेले असतील.
परत कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी तर टायपिस्ट.

त्या रात्री केबल जोडून
तिसरं काम पुसून टाकलं.
आता बटण धरून ठेवलं तर काही होत नाही.
श्रेणिक म्हणतो, बग आहे का?
म्हटलं, असू दे.

ते वाक्य मी हातानं टाइप करते.
‘दबावा’पाशी आलं की मनगटात कळ येते,
तेवढ्यात खुर्ची वळवून
बाकीच्यांना पाणी आणायला पाठवते
आणि समोर बसलेल्या बाईला विचारते,
"वाचून दाखवू का, मावशी?"
बऱ्याच जणी नको म्हणतात.
काही म्हणतात, थांब जरा.